सवंग, स्वस्त आणि चीप



इतिहासाच्या व्याख्यानात राजे, लढाया आणि तहनामे यावेत, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. मी मात्र आज ‘चीप’ या एका इंग्रजी शब्दाच्या निमित्ताने बोलणार आहे. कोठीच्या बाजारात लहानाचे मोठे झालेल्या आपणांस तो काही नवा नाही.

प्रथम एक कबुली देतो. माझी आई मराठवाड्यातून सासरी हैदराबादेस आली. सुलतान बाजारातून परतली की ती म्हणे, “आज मेथी फार सवंग मिळाली.” मी तेव्हा कॉलेजात होतो आणि ‘सवंग लोकप्रियता’, ‘सवंग विनोद’ हे शब्दप्रयोग नुकतेच शिकलो होतो. एकदा पाहुण्यांदेखत मी तिला म्हणालो, “आई, सवंग नव्हे, स्वस्त म्हण.” ती काही बोलली नाही. पुढे कित्येक वर्षे तो शब्द तिने माझ्यासमोर उच्चारला नाही.

चूक माझी होती. संस्कृतात ‘अर्घ’ म्हणजे मूल्य. ‘महार्घ’पासून आपला ‘महाग’ आला आणि ‘समर्घ’पासून ‘सवंग’. म्हणजे आईचा शब्द हा ‘महाग’चा सख्खा भाऊ. त्यातील एक बाजारात टिकला. दुसऱ्याला साहित्यसमीक्षेने उचलले आणि त्याची अब्रू गेली.

इंग्रजीत नेमके हेच घडले आहे. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ व्यापार, सौदा, बाजार असा होता. लंडनमधील ‘चीपसाइड’ म्हणजे हलक्या लोकांची वस्ती नव्हे, तर बाजारपेठ. जर्मन भाषेतील ‘काउफेन’, म्हणजे विकत घेणे, हा त्याच कुळातला. किफायतशीर खरेदीला इंग्रज ‘गुड चीप’, म्हणजे चांगला सौदा, म्हणत. सोळाव्या शतकाच्या सुमारास त्यातले ‘गुड’ गळून पडले. (चांगलेपणच आधी गळावे, हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटतो.) उरलेल्या शब्दाला प्रथम कमी किमतीचा, मग कमी प्रतीचा आणि शेवटी हीन मनोवृत्तीचा अर्थ चिकटला.

आपल्या कोठीलाही असाच इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे ब्रिटिश रेसिडेंटाचा वाडा उठला आणि त्या कोठीवरून साऱ्या भागाला नाव पडले. भोवतालचे रेसिडेन्सी बाजार 1933 साली निजामाकडे परत आले व ‘सुलतान बाजार’ हे नाव रूढ झाले. 1949 पासून त्या वाड्यात मुलींचे कॉलेज भरू लागले. संस्थानात हाली सिक्क्याचा चलनव्यवहार होता. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. तेव्हा ‘स्वस्त’ म्हणण्यापूर्वी रुपया कोणता, हे विचारणे भाग होते.

आणि याच बाजारात उर्दूतील ‘अर्जां’ हा शब्दही वावरला. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘मोलाचा’, ‘किमतीस उतरणारा’. त्याचे मूळ आणि संस्कृत ‘अर्घ’ एकाच धातुकुळातले! आईचा ‘सवंग’ आणि उर्दू बोलणाऱ्या दुकानदाराचा ‘अर्जां’ हे असे हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले चुलतभाऊ मेथीच्या जुडीवरून पुन्हा समोरासमोर आले होते, आणि मी मध्येच शुद्धलेखनाची छडी घेऊन उभा राहिलो.

रेशनच्या दुकानाला महाराष्ट्रात ‘स्वस्त धान्य दुकान’ म्हणतात, तेलुगूत ‘चौक धरल दुकाणम्’. दोहोंतही कमी भावाचा उघड उच्चार आहे; तेथे रांगेत उभ्या असलेल्या बाईला त्यात अपमान वाटत नाही.

हे सारे उमगल्यावर मी एका संध्याकाळी आईजवळ बसून तिला ‘समर्घ’ची व्युत्पत्ती सांगितली आणि माझे चुकले म्हणालो. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “म्हणजे मेथी सवंगच होती ना?”