कुंभार, गाढव आणि शाळेचा खर्च

(पारशिवनी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. आयुष्यभर 'कारण म्हणजे काय' हे शिकवलं. आज शाळांच्या खर्चाबद्दल बोलणार आहे. माझ्या दृष्टीनं हे दोन विषय वेगळे नाहीत, का ते पुढे कळेलच.

येताना एका स्नेह्यानं प्रश्न टाकला. "सर, झेडपीच्या शाळेवर सरकार एवढा पैसा ओततं. गुरुजींना सातवा वेतन आयोग, पोरांना पुस्तकं, गणवेश, खिचडी, सगळं फुकट. तरी पाचवीच्या पोराला दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही. मग पैसा जातो कुठं?" प्रश्न रागाचा आहे, पण खोटा नाही. 'असर'चा अहवाल २००५ पासून हेच सांगतो आहे. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतली पाचवीची निम्म्याहून जास्त मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचू शकली नाहीत. खर्चाचंही तसंच. आंध्रातल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०१५ साली प्रसिद्ध झाला, साध्या खाजगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहून कमी निघाला. आणि तेलुगू व गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच.

म्हणजे तक्रारीत तथ्य आहे. पण तथ्य असणं वेगळं आणि त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर असणं वेगळं.

आधी एक साधा हिशोब मांडू. समजा, पेंचच्या जंगलाला लागून एक वस्ती आहे. पहिली ते चौथी मिळून बारा मुलं. कायद्यानं प्राथमिक शाळेला किमान दोन शिक्षक. प्रत्येकाचा पगार साठ हजार धरा. वर्षाचे झाले चौदा लाख चाळीस हजार. भागिले बारा, म्हणजे एका मुलामागे एक लाख वीस हजार रुपये! नागपुरातल्या चांगल्या इंग्रजी शाळेची फी एवढी असते. आकडा ऐकून माणूस म्हणतो, बाप्पा, एवढे पैसे! पण त्या मुलाच्या वाट्याला त्यातलं काय आलं? दोन गुरुजी, चार वर्ग, एक खोली. मुलं कमी आहेत म्हणून भागाकार मोठा दिसतो. मूल श्रीमंत झालेलं नसतं. दर मुलामागचा खर्च हा मुलाला काय मिळालं याचा आकडा नव्हे, वस्ती किती विरळ आहे याचा आकडा असू शकतो. ही पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे यायचं आहे.

आता थोडं मागे जाऊ. हा वाद आजचा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यांचा मुद्दा खर्च कमी की जास्त एवढाच नव्हता. पैसा कुणाकडून येतो आणि कुणावर जातो, हा होता. मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा कर घेत, त्यातला एक तृतीयांश शिक्षणासाठी. भरणारा कुणबी, आणि सरकारच्या खजिन्याचा ओघ वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे. जोतीरावांनी मागितलं काय? बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण. आणि शिक्षक कसा? शेतकरी समाजात मिसळणारा, वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराची वाकस हातात धरू शकणारा. पगारावर चर्चा करणारे पुष्कळ होते. शिक्षक आणि मूल यांच्यातल्या अंतरावर बोलणारे फार थोडे.

त्याच सुमारास इंग्लंडात दुसरा प्रयोग चालू होता. १८६२ साली रॉबर्ट लो यांनी नियम केला की शाळेला अनुदान मिळेल ते मुलांची हजेरी आणि वाचन-लेखन-गणिताची परीक्षा पाहून. निकाल द्या, पैसे घ्या. आजही कुणी हे सुचवलं की टाळ्या पडतात. झालं काय? मुलांकडून तीच ती पुस्तकं घोकून घेतली जाऊ लागली. मॅथ्यू आर्नल्ड हे कवी स्वतः शाळा तपासनीस होते, त्यांनी या पद्धतीवर सडकून टीका केली. शतक संपायच्या आत ती मोडीत निघाली. आपल्याकडेही पटावर अनुदान दिलं की पट फुगतो, हे आपण पाहिलं. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात तीन दिवस पटपडताळणी झाली, तेव्हा सुमारे वीस लाख विद्यार्थी कागदावर होते आणि वर्गात नव्हते. ज्या गोष्टीला पैसे बांधाल ती गोष्ट वाढते. शिक्षण वाढतंच असं नाही.

१९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं. १९१२ मध्ये ते पडलं. विरोधकांच्या मुद्द्यांत पैसा होताच. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मात्र सक्तीचं शिक्षण करून दाखवलं.

आपल्या भागाची गोष्ट तर विसरलीच गेली आहे. आपण तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. १९३७ नंतर रविशंकर शुक्लांनी 'विद्या मंदिर' योजना आणली. गावानं शाळेला जमीन द्यायची, जमिनीच्या उत्पन्नातून शिक्षकाचा खर्च निघायचा. त्याच १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम जन्माला आली. या दोन्हींच्या मुळाशी एकच अडचण होती, सरकारकडे पैसा नाही तर शाळा चालवायची कशी? पुढे १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. विद्या मंदिराच्या नावावरून मुस्लीम समाजात नाराजी होतीच. योजना रुजली नाही. पण एक गोष्ट टिपण्यासारखी आहे. त्या कल्पनेत शाळा गावाची होती. आज गावकऱ्याला विचारा, शाळा कुणाची? तो म्हणेल, सरकारची.

स्वातंत्र्यानंतर उलट झालं. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. १९६६ मध्ये कोठारी आयोगानं राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं. तो टप्पा आजही गाठलेला नाही, हेही लक्षात असू द्या. २००१ मध्ये सर्व शिक्षा अभियान आलं आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा. खोल्या, मुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पाणी, कुंपण, शिक्षकसंख्या, सगळ्याची यादी कायद्याच्या अनुसूचीत आहे. मूल काय शिकलं, हे त्या यादीत नाही. मी या कायद्याचा टीकाकार नाही. त्यानं वाडीवस्तीवरच्या मुलाला हक्क दिला. पण मोजता येतं ते आपण मोजलं आणि ज्यासाठी मोजायचं ते राहून गेलं.

आता माझा विषय. न्यायशास्त्रात घटाचं प्रसिद्ध उदाहरण आहे. मडकं घडायला माती लागते, ती समवायी कारण. कुंभार, चाक, दांडा ही निमित्त कारणं. आणि माती वाहून आणणारं गाढव? नैयायिक म्हणतात, ते 'अन्यथासिद्ध'. मडक्याच्या आधी ते अंगणात होतं हे खरं, पण ते मडक्याचं कारण नव्हे. माती डोक्यावरूनही आणता आली असती.

शाळेचा पैसा हे गाढव आहे. हसू नका, गाढवाचा अपमान नाही यात. मातीचा ढीग लांब असेल तर गाढव लागतंच. पण गाढवं दुप्पट केली म्हणून मडकी दुप्पट होत नाहीत, आणि मडकं कच्चं राहिलं म्हणून गाढव विकून टाका हेही शहाणपण नव्हे. गाढवाच्या पाठीवर माती आहे का आणि ती चाकापर्यंत पोचते का, एवढंच बघायचं.

जगाचा अनुभव हेच सांगतो. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या शाळांवर न्यायालयाच्या आदेशानं १९८५ पासून सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाले. पोहण्याचे तलावसुद्धा बांधले. निकाल फारसे हलले नाहीत. इंडोनेशियानं २००५ च्या कायद्यानं प्रमाणपत्रधारक शिक्षकांचा मूळ पगार दुप्पट केला. शिक्षक समाधानी झाले, मुलांचं शिकणं तसंच राहिलं. म्हणून पैसा निरुपयोगी म्हणायचं? तर नाही. अमेरिकेतलाच २०१६ चा एक अभ्यास सांगतो, बारा वर्षं सलग खर्च दहा टक्के वाढला तर गरीब घरची मुलं जास्त शिकतात आणि मोठेपणी जास्त कमावतात. दोन्ही खरं आहे. पैसा कशात रूपांतरित होतो, यावर सगळं.

मग मातीपासून चाकापर्यंत कुठे अडतं? गुरुजी कामचुकार आहेत, हे सोपं उत्तर. २००३ मध्ये देशभर अचानक भेटी देऊन पाहणी झाली. देशात चारातला एक शिक्षक गैरहजर, पण महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वांत कमी, पंधरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपले गुरुजी येतात. नागपूर-कामठीहून अपडाऊन करून का होईना, येतात. पण आल्यावर? निवडणूक याद्या, पोर्टलवर माहिती, खिचडीचा हिशोब, केंद्रावरची बैठक. दोघांतला एक बैठकीला गेला की चारही वर्ग दुसऱ्याकडे. पगार पूर्ण वेळेचा, शिकवण्याचा वेळ तुकड्यातुकड्यांत.

दुसरं, अभ्यासक्रम इयत्तेप्रमाणे पळतो, मूल आपल्या गतीनं चालतं. मागे पेंचच्या बाजूला एका शाळेत गेलो होतो. चौथीतल्या मुलीनं धडा खडाखडा वाचला. मी मधलंच एक वाक्य बोटानं दाखवलं, हे वाच म्हटलं. तिला येईना. धडा पाठ होता! घरी ती हिंदीमिश्रित बोली बोलते, काही घरांत गोंडी. पुस्तकातली मराठी तिला परकी. मी मनात म्हटलं, ही रॉबर्ट लोची विद्यार्थिनी आहे. दोष तिचा नाही आणि एकट्या गुरुजींचाही नाही.

आणि हे बदलतं, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये शिक्षकांनी वर्गातली फरशी, भिंत, खडे, काड्या वापरून मुलांना स्वतः शिकतं केलं. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानं तो विचार राज्यभर नेला. मूल आज कुठे आहे ते बघा आणि तिथून पुढे न्या, एवढंच त्याचं सूत्र. पुढल्या तीन-चार वर्षांत झेडपीच्या मुलांचं वाचन सुधारल्याचं 'असर'मध्ये दिसलं. मग करोनात शाळा बंद पडल्या आणि ती कमाई बरीचशी गेली. तेच शिक्षक, तेच पगार. बदलला होता तो वर्गातला वेळ.

आता शेवटी त्या भागाकाराकडे. २०१७ मध्ये राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे पंधरा हजार शाळांसाठी 'समूह शाळां'चा विचार पुढे आला. युक्तिवाद असा की लहान शाळा महाग पडते आणि तिथे शिक्षणही नीट होत नाही. दुसऱ्या भागात काही तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. बारा मुलांना सोबतीही कमी मिळतात. पण दूरच्या शाळेत जाताना रस्ता जंगलाचा, वाघाचा. मुलगा जाईल कदाचित. मुलगी घरी बसेल. आणि जी घरी बसली तिचा खर्च शून्य. हिशोबात ती सर्वांत स्वस्त विद्यार्थिनी! हा कसला हिशोब?

नागपूरच्या नळाचं बरंचसं पाणी याच तालुक्यातल्या नवेगाव खैरीहून जातं. कन्हानच्या बाजूचा कोळसा जातो. त्याचा दरडोई खर्च कुणी पारशिवनीला विचारत नाही. बारा लेकरांच्या शाळेचा मात्र विचारतात. विचारू द्या. आपणही विचारू, पण प्रश्न बदलून. 'किती खर्च झाला' याच्या जोडीला 'या महिन्यात गुरुजींना शिकवायला किती दिवस मिळाले' हे विचारा. 'निकाल किती लागला' याऐवजी पुस्तकातलं मधलंच एक वाक्य दाखवून 'हे वाच बाळ' म्हणा. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, तो त्यांचा अधिकारच आहे. त्याला अंदाजपत्रक लागत नाही. शनिवारी सकाळी अर्धा तास लागतो.

उद्या शनिवार आहे. माझं एवढंच सांगणं. आता तुमचे प्रश्न घेऊ.