सगे, सोयरे आणि सेंटीमॉर्गन

२६ जानेवारी २०२४ला राज्य सरकारनं जातप्रमाणपत्राच्या नियमांत दुरुस्ती सुचवणारा एक मसुदा काढला आणि ‘सगेसोयरे’ हा आमच्या ओट्यावरचा शब्द रातोरात कायद्याच्या भाषेत जाऊन बसला. वडील, आजोबा, पणजोबा आणि त्यांच्या आधीच्या पिढ्यांत जातीतल्या जातीत झालेल्या लग्नांतून जे नातेवाईक तयार झाले ते सगेसोयरे, अशी त्याची व्याख्या होती. त्याआधी, सप्टेंबर २०२३मध्ये, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली होती. तेव्हापासून बीड जिल्ह्यातल्या घराघरांत वंशावळ हा रोजचा शब्द झाला. धर्मापुरीही त्याला अपवाद नाही. ज्या पोरांना पणजोबांचं नाव सांगता येत नव्हतं, ती पोरं मोडी आणि उर्दू वाचणारा माणूस शोधत फिरू लागली.

या धामधुमीत एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी हमखास टाकतं: “एवढे कागद कशाला, डीएनए टेस्ट करून टाका ना!”

याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. थुंकीच्या नळीतून कुणबी किंवा मराठा असा निकाल येत नाही, कुठल्याच जातीचा येत नाही. जात ही नोंद आहे. कुणीतरी कधीतरी कुणाला तरी विचारून, किंवा न विचारता, लिहून ठेवलेली. पडताळणी समितीलाही कागद लागतो आणि वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या माणसाचं प्रमाणपत्र लागतं. पण घराण्याचा इतिहास शोधायला नातेवाइकांची डीएनए चाचणी उपयोगी पडते का, असं विचाराल तर पडते. फक्त ती जे सांगते ते बहुतेकांनी विचारलेलं नसतं.

आधी कागदाकडे बघू. तुमच्या घरी तलाठ्यासाठी किंवा पडताळणीसाठी केलेली वंशावळ असेल तर ती उघडा. वर मूळपुरुष, खाली त्याचे तीन मुलगे, त्यांचे मुलगे, त्यांचे मुलगे. पाच पिढ्यांच्या झाडात बहुतेक वेळा एकही बाई नसते. असली तरी जमिनीच्या वारसात नाव लागलं म्हणून आलेली असते. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या असोत, कोल्हापूर-बेळगावकडचे हेळवी सांगतात त्या पिढ्या असोत किंवा छापलेले कुलवृत्तांत असोत, सगळ्यांचा कणा पुरुषांच्या नावांचाच. सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीनं यायला १ मे २०२४ उजाडावा लागला, आणि तेही त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांपुरतं.

डीएनएची वही वेगळ्या पद्धतीनं लिहिली जाते. त्यातला वाय गुणसूत्राचा भाग बापाकडून फक्त मुलाकडे जातो, म्हणजे वंशावळीसारखाच. मायटोकाँड्रियाचा भाग आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे नेतात फक्त मुली. बाकीचं सगळं प्रचंड साहित्य आई आणि बाप दोघांकडून निम्मं निम्मं येतं आणि दर पिढीत पत्त्यांसारखं पिसलं जातं. म्हणून कुणाची चाचणी करायची हा प्रश्न महत्त्वाचा. बापाच्या आईची मातृरेषा शोधायची असेल तर तुमची थुंकी काही कामाची नाही, ती रेषा तुमच्यापर्यंत आलेलीच नाही. ती वडिलांकडे आहे किंवा आत्याकडे. आजी-आजोबांचं तुमच्यात प्रत्येकी साधारण चौथाई उरलंय. आत्यात मात्र दोघांचं निम्मं निम्मं आहे, आणि आत्या व वडील दोघांची चाचणी केली तर दोघांच्या मिळून सुमारे पाऊण भागापर्यंत पोचता येतं. म्हणजे घरात सगळ्यात आधी विचारायचं ते सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला. स्वतःला सगळ्यात शेवटी.

मातृरेषा किती चिवट असते याचं एक उदाहरण गोव्यात आहे. जॉर्जियाची राणी केटेवान हिला १६२४मध्ये इराणात, शिराझला, मारलं गेलं. तिचे काही अवशेष ऑगस्टिनियन साधूंनी जुन्या गोव्यात आणले. पुरातत्त्व खात्याला तिथल्या पडक्या चर्चमध्ये हाडं सापडली, आणि हैदराबादच्या सीसीएमबीनं त्यातला मायटोकाँड्रियाचा डीएनए तपासला. भारतातल्या हजारो नमुन्यांत न आढळणारी, पण जॉर्जियात आढळणारी मातृरेषा निघाली. २०२१मध्ये ते अवशेष जॉर्जियाला सुपूर्द झाले. काटेकोरपणे बोलायचं तर यातून ‘हीच ती राणी’ एवढं सिद्ध होत नाही. हाडं तिकडच्या रेषेतल्या माणसाची आहेत आणि जागा, कागदपत्रं जुळतात, एवढं होतं. डीएनएचा पुरावा कागदाच्या खांद्यावर हात ठेवूनच चालतो.

आता आमच्याकडची खरी गंमत. चाचणीनंतर दोन माणसांत किती डीएनए समान आहे हे सेंटीमॉर्गन या मापात सांगतात. चुलत, मामे, मावस भावंडांत सरासरी ८७०च्या आसपास, एक पणजोबा असलेल्या भावंडांत सरासरी २३०. हे आकडे ज्या घरांतून आले तिथे जवळच्या नात्यात लग्नं फारशी होत नाहीत. आमच्याकडे मामाची मुलगी ही हक्काची. इरावती कर्वे यांनी १९५३च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’त महाराष्ट्राची ही पद्धत नोंदवली आहे: मामाची मुलगी करायची, आत्याची मुलगी अनेक जातींत टाळायची. उत्तरेत दोन्ही निषिद्ध, दक्षिणेत दोन्ही चालतात, आणि आपण मधोमध.

समजा तुमच्या वडिलांनी मामाची मुलगी केली. मग तुमच्या आईचे वडील म्हणजे तुमच्या आजीचा सख्खा भाऊ. तुमचा मामेभाऊ आईकडून मामेभाऊ आहेच, पण वडिलांकडूनही त्याचं-तुमचं एक नातं लागतं. साडेबारा टक्क्यांत आणखी तीन-सव्वातीन टक्क्यांची भर पडते आणि ८७०च्या जागी १,०८०च्या घरात आकडा जातो. हेच आजोबांनी आणि पणजोबांनीही केलं असेल तर आकडा अजून फुगतो आणि ॲप गोंधळतं. लांबचा भाऊ जवळचा दाखवतं. म्हणून तिथल्या तक्त्यात बोट ठेवून इथलं नातं ठरवू नये. आधी माहीत असलेली नाती मोजायची, आपल्या घराचा स्वतःचा तक्ता बनवायचा, मग अनोळखी नात्याकडे वळायचं.

सगा तो रक्ताचा आणि सोयरा तो लग्नाचा, असं आपण म्हणतो. पण मामा हा सगाही आहे आणि उद्याचा सासरा म्हणून सोयराही. आपल्या भाषेनं ‘सगेसोयरे’ हा जोडशब्द एका दमात म्हणायची सवय का लावली असेल, हे मला असा अहवाल पाहिल्यावर जास्त कळलं.

धर्मापुरीत केदारेश्वराचं मंदिर आहे, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. बाहेरच्या भिंतींवरच्या सुरसुंदरींचे फोटो तुम्ही इन्स्टावर पाहिले असतील. ते बांधलं गेलं त्याला ढोबळमानानं नऊशे वर्षं धरा, म्हणजे तीस पिढ्या. दर पिढीला पूर्वज दुप्पट होतात: दोन, चार, आठ. तिसाव्या पिढीत आकडा १०७ कोटींच्या वर जातो. एवढी माणसं तेव्हा जगात नव्हती. याचा अर्थ एवढाच की तीच तीच माणसं आपल्या झाडात पुन्हा पुन्हा आलीत, आणि मंदिराच्या काळात इथे राहणाऱ्यांपैकी ज्यांचा वंश टिकला ते बरेचसे आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज असणार. उलट बाजूनं, दहा पिढ्यांमागच्या १,०२४ पूर्वजांपैकी कित्येकांचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो. ‘आमच्यात अमक्या सरदाराचं रक्त आहे’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

पण जातीच्या भिंती? त्याही डीएनएत दिसतात, नाकारून चालणार नाही. २०१३च्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात वेगवेगळ्या मुळांच्या लोकांचं मिसळणं सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात सर्रास चालू होतं. मग ते आटत गेलं. २०१७च्या अभ्यासात दक्षिण आशियातले २६०हून अधिक गट तपासले, त्यांतले ८१ मोजक्या पूर्वजांपासून वाढलेले निघाले. त्यामुळे एका जातीतली दोन अनोळखी माणसंही यादीत लांबचे भाऊबंद म्हणून दिसतात आणि त्यांचा समान पूर्वज कोण, हे शोधणं अशक्यप्राय होतं. म्हणजे आधी सगळे मिसळले, मग दारं लावून घेतली. शुद्धतेच्या गोष्टी दारं लावल्यानंतरच्या आहेत.

ही गोष्ट सगळ्यात टोकदारपणे घडली ती रायगडच्या बेने इस्राएल मंडळींच्या बाबतीत. मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी गावावरून आडनावं. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला. इस्रायलला गेल्यावर १९६०च्या दशकात त्यांचं ज्यू असणंच धर्मपीठानं प्रश्नात टाकलं. लग्नं अडली, आंदोलन झालं, आणि १९६४मध्ये सरकारनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं ठामपणे सांगितलं. म्हणजे ‘तुमचे पूर्वज कोण’ हा प्रश्न त्यांच्यासाठी हौसेचा कधीच नव्हता.

२०१६मध्ये १८ बेने इस्राएल व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वारसा स्पष्ट दिसला आणि भारतीय वारसाही तितकाच स्पष्ट दिसला. हे मिसळणं १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं. यात ज्यू वाटा अधिक पुरुषांकडून आणि भारतीय वाटा अधिक स्त्रियांकडून आलेला. जहाज कधी फुटलं हे यावरून ठरत नाही, ती तारीख मिसळण्याची आहे. पण कथेत सात जोडपी समुद्रातून आली आणि डीएनएत मात्र इथल्या बायका उभ्या आहेत. त्या नवगावच्या असतील, थळच्या असतील, आसपासच्या कुठल्याही खेड्यातल्या. त्यांचं नाव कुठल्याच परंपरेनं सांगितलं नाही. वर या समाजात ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असा भेद होता, आणि आई इथली असलेल्यांची संतती म्हणून ‘काळ्यां’ना खालचं मानलं जाई. तो भेद पाळणाऱ्यांच्या आज्या-पणज्यांचा हिशेब लावला तर काय उरतं, हे वाचकानं ठरवावं.

असे हिशेब आपल्या भावकीतही निघू शकतात. एका मूळपुरुषाचे म्हणवणाऱ्या दोन चुलत घरांचं वाय गुणसूत्र जुळलं नाही, तर लगेच कुणाच्या चारित्र्याकडे बोट दाखवायची गरज नाही. दत्तक असतो. घरजावई असतो, सासऱ्याच्या जमिनीवर राहिलेला आणि दोन पिढ्यांनी त्याच आडनावाचा झालेला. पाट लावलेल्या बाईबरोबर आलेलं पोर असतं. १९१८च्या साथीत आई-बाप गेलेलं आणि कुणीतरी आपलं म्हणून वाढवलेलं लेकरू असतं. तरीही जे निघेल ते जिवंत माणसांच्या अंगावर येतं. आणि वाटणीचा दावा चालू असेल तर विचारूच नका.

न्यायालयांनाही हा पेच सुटलेला नाही. २०१४मध्ये नागपूरच्या एका पोटगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की १८७२च्या कायद्यातल्या गृहीतकापेक्षा डीएनएचं सत्य वरचढ. २०२३मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयानं बजावलं की नवरा-बायकोच्या भांडणात मुलाची चाचणी सहजासहजी सांगू नये, मुलालाही हक्क आहेत. शिवाय ही माहिती एकट्याची नसते. तुम्ही नळी पाठवली की तुमच्या आत्याचा चौथाई भागही पाठवलेला असतो, तिला न विचारता. २०२३मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या अमेरिकी कंपनीतून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती बाहेर गेली. २०२५मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. पासवर्ड बदलता येतो, आजी बदलता येत नाही.

म्हणून मी आत्याला आधी सगळं समजावून सांगितलं: थुंकी कुठे जाणार, काय निघू शकतं, नको असेल तर नको. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “थुका देते मी. पण मह्या मायचं नाव येतंय का त्या कागदावर?”

येत नाही. मातृरेषेचा अहवाल म्हणजे एक अक्षर आणि काही आकडे. तीच रेषा हजारो बायकांची असू शकते. वंशावळीत नावं आहेत पण बायका नाहीत, अहवालात बायका आहेत पण नावं नाहीत. दोन्ही जोडणारी गोष्ट फक्त आत्याच्या डोक्यात होती. म्हणून आम्ही नळी बाजूला ठेवली आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू केलं. तिनं आईचं नाव सांगितलं, माहेरचंही आणि सासरी बदललेलंही. आईच्या आईचं सांगितलं. तिच्याही आईचं, थोडं आठवून, कुठल्या दुष्काळात कुठून आली तेही. चौथीपाशी ती थांबली. तिला सगळे ‘परळीकरीण’ म्हणायचे, एवढंच तिनं ऐकलं होतं.