कॉफीचं गाळणं, कॉफीचं जातं



कॉफीसाठी घरी कोणतं यंत्र घ्यावं, असं हल्ली बऱ्याच जणी विचारतात. दुकानात इतके प्रकार मांडलेले असतात की डोकं चक्रावतं. म्हणून आज किमतींची यादी न देता ही यंत्रं कोणत्या अडचणीतून जन्माला आली ते सांगते. त्यावरून आपल्या घराला काय हवं ते तुम्हीच ठरवाल.

सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातल्या घरांत कॉफीची भुकटी उकळत, नाहीतर कापडी पिशवीतून गाळत. उकळली की कडू व्हायची आणि कपाच्या तळाशी गाळ बसायचा. कापडाचा त्रास तर आपल्याला वेगळा सांगायला नको. पाण्याचं गाळणं रोज पिळून वाळवणाऱ्या आपण! त्यात कॉफीचं तेल कापडात मुरतं, कितीही धुतलं तरी वास जात नाही.

जर्मनीत ड्रेस्डेनला राहणारी मेलिटा बेंट्झ या सगळ्याला कंटाळली. तिनं पितळी भांड्याच्या तळाला भोकं पाडली, त्यावर मुलाच्या वहीतला टीपकागद ठेवला आणि भुकटीवर गरम पाणी ओतलं. खाली स्वच्छ कॉफी उतरली, आणि कागद गाळासकट टाकून देता आला. 1908 साली तिनं ही युक्ती सरकारदरबारी स्वतःच्या नावानं नोंदवली. त्याच वर्षी कंपनी काढली, भांडवल अवघं 73 फेनिग, म्हणजे एक मार्कसुद्धा नाही. नवरा आणि मुलं तिच्या हाताखाली कामाला लागली. 1909च्या लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत हजारावर गाळणी खपली.

मला यात तिच्या नावाचं मोल वाटतं. आपल्या आज्यांनीही स्वयंपाकघरात अशा कितीतरी युक्त्या काढल्या, पण त्या कुणाच्या हे कुठेच लिहिलेलं नाही.

पुढे 1933 साली इटलीत बियालेत्तींचं ॲल्युमिनियमचं मोका भांडं आलं. त्यात खालच्या पाण्याची वाफ गरम पाणी भुकटीतून वर ढकलते. कर्नाटकात माहेर असलेल्यांच्या घरी दोन डब्यांचा फिल्टर असतोच. त्याला वीज नको, कागदही नको.

आता दळणाकडे वळू. पुढे मोटारींसाठी प्रसिद्ध झालेल्या फ्रान्सच्या प्यूजो घराण्यानं 1840 साली कॉफीच्या गिरण्या करायला सुरुवात केली. अशा गिरणीत दोन दातेरी भागांमध्ये दाणा सापडतो आणि एकसारखा दळला जातो. म्हणजे आपलं जातंच! मिक्सरचं पातं दाणा दळत नाही, तोडतं. थोडं पीठ होतं, थोडी भरड राहते. पिठातून कडूपणा उतरतो, भरड पाणचट लागते. तेव्हा यंत्रापेक्षा आधी ग्राइंडरवर पैसे घाला. हातानं फिरवायचाही चालेल. मोक्याला बारीक दळा, कागदी गाळण्याला रवाळ.

दळायचंही लागेल तेवढंच. पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7, हे आपण लहानपणापासून पाळतो. कॉफीला तर दळल्यावर सुगंध टिकवायला तेवढाही अवधी मिळत नाही.

शेवटी एक गोष्ट दुकानातच तपासा. यंत्र पूर्ण उघडतं का, आतपर्यंत फडकं जातं का? विजेच्या यंत्रांच्या टाकीत आणि नळ्यांत पाणी साचून राहतं, ओल्या चोथ्यावर बुरशी धरते. आपल्या घरात जिवांची काळजी घ्यायची तर ज्याचा प्रत्येक भाग सूर्यास्ताआधी धुऊन, पुसून कोरडा करता येतो तेच घ्या. माझं मत विचाराल तर स्टीलचा साधा फिल्टर आणि हातानं फिरवायचा ग्राइंडर. तुमच्याकडे काय वापरता, तेही कळवा.