काचबिंदू वाढतोय का? ओसीटी स्कॅनवरून ते कसं कळतं?

गेल्या वर्षी आईच्या फाईलमध्ये मला दोन ओसीटी रिपोर्ट सापडले. उजव्या डोळ्याचा आकडा आधी ८४, वर्षभराने ७९. मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, "हे दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवरचे आहेत, यांची तुलना होत नाही." म्हणजे वर्ष गेलं, पण काचबिंदू वाढला की नाही, ते कळलंच नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नाही. पण या आकड्यांमागचं गणित समजून घेतलं, तेच आज पाहूया.

प्रश्न नेमका काय आहे?

डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या ऑप्टिक नर्व्हमध्ये साधारण १० लाख तंतू असतात. काचबिंदूत ते हळूहळू मरतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं की दिसायला लागतं, तसं इथे होत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उपचाराने डोळ्यातला दाब कमी करून पुढचं नुकसान रोखायचं असतं. म्हणून चालू थेंब पुरेसे आहेत की तंतू अजूनही मरताहेत, हे कळणं महत्त्वाचं.

ओसीटी काय मोजतं?

हे तंत्र १९९१ साली अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी मांडलं. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी वापरतात, इथे प्रकाश. प्रकाश इतका वेगवान की तो परत यायला लागणारा वेळ थेट मोजता येत नाही. म्हणून डोळ्यातून परतलेला आणि मशीनमधल्या आरशावरून आलेला प्रकाश एकत्र आणतात आणि त्यांच्या व्यतिकरणातून खोली काढतात. यातून साधारण ५ मायक्रॉनपर्यंतचा तपशील दिसतो.

रिपोर्टमधला 'आरएनएफएल' म्हणजे रेटिनावरच्या तंतूंच्या थराची जाडी. ती नर्व्हभोवती सुमारे साडेतीन मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर मोजतात. निरोगी डोळ्यात सरासरी ९० ते १०० मायक्रॉनच्या आसपास असते.

फरक खरा की नॉइज?

गंमत इथे आहे. तोच डोळा त्याच मशीनवर पुन्हा तपासला तरी सरासरीत ४-५ मायक्रॉनचा फरक येऊ शकतो. शिवाय वयानुसार हा थर थोडा थोडा पातळ होतच असतो. मग खरी घट ओळखायची कशी? दोन पद्धती आहेत.

१. घटना पद्धत: पहिले दोन चांगले स्कॅन बेसलाइन धरायचे. पुढची घट नॉइजपेक्षा मोठी असेल आणि पुढच्या स्कॅनमध्येही तशीच दिसली, तरच ती खरी मानायची.

२. कल पद्धत: सगळ्या स्कॅनमधून सरळ रेषा काढून वर्षाला किती मायक्रॉन घट होते ते पाहायचं. दोन बिंदूंतून रेषा नेहमीच निघते, म्हणून दोन स्कॅनवर विश्वास ठेवायचा नाही.

कुठे फसगत होते?

- डोळा कोरडा असेल किंवा मोतीबिंदू असेल तर सिग्नल कमी मिळतो आणि थर उगाच पातळ दिसतो.
- हिरवा-लाल रंग ही निरोगी लोकांशी केलेली तुलना असते, तुमच्या मागच्या स्कॅनशी नव्हे. हिरव्यातही घट चालू असू शकते.
- साधारण ५०-५५ मायक्रॉननंतर आकडा फारसा उतरत नाही, कारण रक्तवाहिन्या आणि आधार देणाऱ्या पेशी उरतात. आजार वाढला तरी रिपोर्ट 'स्थिर' दिसतो. तेव्हा फील्ड टेस्टच जास्त सांगते. एरवीही डॉक्टर दोन्ही एकत्र पाहतात.

आपण काय करायचं?

- शक्यतो एकाच मशीनवर स्कॅन करा.
- जुने रिपोर्ट जपा, सिग्नलचा आकडाही बघा.
- एका आकड्यावरून थेंब बंद करू नका, घाबरूनही जाऊ नका.

आईची बेसलाइन आम्ही नव्याने घेतली. एकाच मशीनवर दोन स्कॅन: ७८ आणि ७९. पुढचा सहा महिन्यांनी. तोवर थेंब वेळेवर घालणं एवढंच आमच्या हातात आहे.

घरात कुणाला काचबिंदू असेल तर आज त्यांची फाईल उघडून मशीनचं नाव तेवढं बघा.