वाळूवरची मोटार : बॅग्नोल्ड, आल्माशी आणि एक कादंबरी

प्रवासवर्णनाचा अभ्यास करताना आपण लेखकाची दृष्टी, निवेदनाची शैली, वाटेत भेटलेली माणसे यांची चर्चा करतो. ज्या वाहनाने प्रवास झाला त्याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. निर्जल प्रदेशात आठवडेच्या आठवडे काढायचे असतील तर वाहन हेच घर, कोठार आणि पाणवठा होते. अशा एका हाताने घडवलेल्या वाहनाचा इतिहास येथे मांडण्याचा आमचा हेतू आहे. त्या इतिहासाने एका गाजलेल्या कादंबरीचे वाचन बदलते, असे आम्हांला वाटते.

इजिप्त आणि लिबिया यांच्या सीमेवर वाळूच्या टेकड्यांच्या समांतर रांगा शेकडो किलोमीटर पसरल्या आहेत. १८७४ मध्ये गेरहार्ड रोल्फ्स हा जर्मन प्रवासी उंटांचा तांडा घेऊन पश्चिमेकडे निघाला. त्या रांगा ओलांडणे अशक्य दिसल्यावर तो उत्तरेस सीवाकडे वळला. १९२३ मध्ये अहमद हसनैन या इजिप्शियन प्रवाशाने उंटांवरूनच दक्षिणेकडचा जेबेल उवैनात हा पर्वत जगाच्या नकाशावर आणला. पाठोपाठ इजिप्तचा राजपुत्र कमाल अल्-दिन सिट्रोएनच्या पट्टेदार मोटारी घेऊन उतरला. त्या मोटारींना राजपुत्राचीच तिजोरी परवडणारी होती.

राल्फ बॅग्नोल्ड (१८९६-१९९०) हा ब्रिटिश सैन्यातील अधिकारी याच दशकात कैरोला आला. तो शिक्षणाने अभियंता होता. ‘नॅशनल व्हेल्व्हेट’ या कादंबरीची लेखिका एनिड बॅग्नोल्ड ही त्याची बहीण. त्याने व त्याच्या मित्रांनी रजेच्या दिवसांत, पदरच्या पैशाने मोहिमा आखल्या आणि त्यासाठी फोर्डच्या साध्या, स्वस्त मोटारी निवडल्या. आधी ‘टी’ आणि पुढे ‘ए’. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश गस्ती पथकांनी याच वाळवंटात फोर्ड वापरल्या होत्या, सूर्याच्या सावलीवर दिशाही शोधली होती. बॅग्नोल्डने तो वारसा घेतला आणि त्यावर संस्कार केले.

पहिला संस्कार वजा करण्याचा होता. मोटारीचे अनावश्यक भाग उतरवून मागे सामानासाठी लाकडी पेटीसारखा सांगाडा बसवला. पेट्रोल पातळ पत्र्याच्या डब्यांतून न्यावे लागे. एका डब्यात चार गॅलन, म्हणजे सुमारे अठरा लिटर. हे डबे हादऱ्यांनी गळत. त्यामुळे गळतीही हिशेबात धरूनच मुक्काम आखावा लागे. पाण्याचा प्रश्न त्याहून बिकट होता. वाळूत इंजिन तापले की रेडिएटरमधले पाणी वाफ होऊन उडून जाई. यावर उपाय म्हणून वाफेची नळी बाहेर न सोडता मोटारीच्या बाजूला बांधलेल्या, निम्म्या पाण्याने भरलेल्या डब्यात नेली. वाफ तेथे थंड होऊन पाणी होई आणि इंजिन निवले की तेच पाणी आपोआप रेडिएटरमध्ये परत ओढले जाई. एक डबा आणि एक नळी यांवर माणसांच्या पिण्याचे पाणी वाचले.

दिशेसाठी चुंबकीय होकायंत्र निरुपयोगी होते. मोटारीतले लोखंडच त्याला फसवी. बॅग्नोल्डने उभ्या सुईची सावली अंश कोरलेल्या तबकडीवर पाडणारे सूर्ययंत्र सुधारून घेतले आणि चालत्या मोटारीत दिशा वाचता येऊ लागली. मऊ वाळूत टायरमधील हवा कमी करायची, चाके रुतली तर त्यांच्याखाली पोलादी पन्हळी सरकवायच्या, असे रिवाज ठरले. या पन्हळी कैरोच्या भंगारात मिळाल्या होत्या. महायुद्धातील खंदकांवर छप्पर घालण्यासाठी त्या बनल्या होत्या. अशा मोटारी १९२९-३० मध्ये वाळूच्या रांगांवर चढल्या. टेकडीला भिऊन वेग कमी करायचा नाही, उलट भरधाव वर जायचे, हे ज्ञान अनुभवातून आले.

बॅग्नोल्डने हे सारे ‘लिबियन सँड्स’ (१९३५) या पुस्तकात लिहिले. त्याच्या उपशीर्षकात या प्रदेशाला ‘मृत जग’ म्हटले आहे. येथे चिकित्सक वाचकाने थांबले पाहिजे. १९३१ च्या जानेवारीत इटलीच्या फौजांनी कुफ्रा जिंकले, तेव्हा तेथील रहिवासी याच ‘मृत’ जगातून उवैनात आणि दाखलाच्या दिशेने पळाले. वाटेत अनेक जण तहानेने मेले. इजिप्तच्या भूमापन खात्यातील पॅट क्लेटन याने मोटारी नेऊन काहींना वाचवले. निर्मनुष्यता ही भूगोलाची वस्तुस्थिती असते, तशीच ती निवेदकाची निवडही असते.

१९४० मध्ये या ज्ञानाला गणवेश चढला. बॅग्नोल्डने ब्रिटिशांसाठी ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभा केला. त्याच्या ट्रकांवर तोच वाफेचा डबा आणि तेच सूर्ययंत्र होते. दुसऱ्या बाजूला लास्लो आल्माशी हा हंगेरियन प्रवासी होता. त्यानेही तिसाव्या दशकात हेच वाळवंट मोटारीने पालथे घातले होते. १९४२ च्या मे महिन्यात त्याने दोन जर्मन हेरांना वाळवंट ओलांडून नाईलकाठच्या असयुतपर्यंत पोहोचवले, तेही ब्रिटिशांकडून हस्तगत केलेल्या मोटारींतून.

मायकेल ओंडात्जे यांची ‘द इंग्लिश पेशंट’ (१९९२) याच आल्माशीच्या नावाभोवती रचलेली आहे. कादंबरीतील नायकाला वाळवंट राष्ट्रे पुसून टाकणारी जागा वाटते, आणि शत्रूला केलेली त्याची मदत प्रेमाच्या शोकांतिकेतून येते. आपण वर्गात हे रूपक आवडीने शिकवतो. मोटारींचा इतिहास मात्र नेमके उलट सांगतो. ज्या वाळवंटात सीमा नाहीत असे वाटत होते, त्याचेच ज्ञान राष्ट्रांना सर्वाधिक हवे होते. हौसेने जुळवलेली प्रत्येक नळी आणि तबकडी युद्धासाठी तयारच होती. कादंबरी हे प्रेमाच्या आड झाकते, असा आमचा आक्षेप आहे.

तरीही हा प्रश्न कादंबरीत नाही असे म्हणता येणार नाही. तो दुसऱ्या पात्राकडे गेला आहे. सुरुंग निकामी करणारा शीख सैनिक किप याच्या हातांचे काम ओंडात्जे तारेतारेने वर्णितात. हिरोशिमाची बातमी कळताच किपला आपले कौशल्य कोणाच्या सेवेत रुजू होते ते उमगते आणि तो ते हत्यार खाली ठेवतो. आल्माशीला हा साक्षात्कार कधीच होत नाही. वसाहतीतून आलेल्या कारागिराला तो होतो, विद्वान प्रवाशाला होत नाही; कादंबरीतील खरा ताण आम्हांला येथे दिसतो.

बॅग्नोल्डने वाळूच्या हालचालींवर १९४१ मध्ये लिहिलेला ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. मंगळावरील एका वालुकाक्षेत्राला त्याचे नाव आहे, आणि २०१५ च्या अखेरीस ‘क्युरिऑसिटी’ ही माणूस नसलेली गाडी तेथे पोहोचली. त्या वाळूतून कोणी निर्वासित पळाले नव्हते. मृत जग हे शब्द तेथे शोभतात. लिबियाच्या वाळवंटात ते शोभत नव्हते.