घरी अंडी उबवायची तर आधी लाईटचा हिशोब करा

गावरान कोंबडी खुडूक बसली तर एका वेळी दहा-बारा अंडी उबवते. जास्त पिल्ले हवी असतील किंवा खुडूक कोंबडीच नसेल, तर थर्माकोलच्या खोक्यात घरगुती यंत्र करता येते. खोका, ४० वॅटचे दोन पिवळे बल्ब, छोटा पंखा, तापमान सेट करायचा थर्मोस्टॅट, आर्द्रता दाखवणारे मीटर आणि पाण्याचे पसरट भांडे एवढ्यावर भागते. एलईडी बल्ब चालत नाही, त्याला पुरेशी उष्णता नसते. बल्ब दोन घ्यायचे, म्हणजे रात्री एक उडाला तरी दुसरा राहतो. मात्र बल्ब थर्माकोलला टेकू देऊ नका, वितळून पेट घ्यायची भीती असते.

खोका तासाभरात तयार होतो, खरी अडचण लाईटची आहे. वस्तीवर शेती फीडरची लाईन असेल आणि इन्व्हर्टर नसेल, तर हा नाद न केलेला बरा. यंत्र गावातल्या घरात ठेवा. लाईट गेली की झाकण उघडून बघत बसू नका. गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवून वरून गोधडी टाका, पण हवेची भोके बुजवू नका. तास-दीड तासाचा गारवा अंडी बहुधा सोसतात. उलट थर्मोस्टॅट बिघडून पारा ४० च्या वर गेला, तर काही वेळातच आतला जीव जातो. म्हणून अंडी ठेवण्याआधी यंत्र दिवसभर रिकामे चालवून बघा.

अंडी कळपात कोंबडा असलेल्या घरचीच हवीत. दुकानातल्या लेअरच्या अंड्यातून पिल्लू निघत नाही. आठवड्याच्या आतली घ्या. फ्रीजमधली नकोत, धुतलेलीही नकोत.

पंखा असेल तर तापमान ३७.५ अंश ठेवायचे. पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के. ती वाढवायची तर भांडे खोल नको, पसरट हवे. अंड्यावर पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल करा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. विषम वेळा फिरवले की रोज रात्री तीच बाजू वर राहत नाही. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडे धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरला. अंडे नितळ दिसले तर फळलेले नाही, काढून टाका.

अठराव्या दिवसानंतर फिरवणे बंद. आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्या आणि झाकणाला हात लावू नका. बहुतेक नुकसान इथेच होते. बघायच्या हौसेपायी झाकण उघडतात, ओल उडते, कवचाच्या आतला पापुद्रा वाळतो आणि पिल्लू आतच अडकते. एकविसाव्या दिवशी पिल्ले फुटू लागतात. टोच मारल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात, तोवर नखाने कवच सोलू नये, रक्त येते. बाहेर आलेली पिल्ले अंग सुकेपर्यंत आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर ती दिवसभर सहज तग धरतात.

बाहेर काढल्यावर पहिला आठवडा बल्बखाली साधारण ३५ अंशांची ऊब लागते. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, लांब पळाली तर बल्ब वर घ्या. मानमोडीची म्हणजे राणीखेतची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी द्यावी लागते. ती पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे का, हे अंडी ठेवायच्या आधीच विचारून घ्या.