समुद्राचा तळ ऐकताना

आमच्या वाशीमकडे विहिरीत खडा टाकतात आणि पाणी किती खाली आहे ते आवाजावरून ताडतात. समुद्रावर मात्र शतकानुशतके दोरीला शिसे बांधून खोली मोजत. शिशाच्या बुडाला चरबी लावत. तळाची वाळू, चिखल तिला चिकटून वर येई. पण दोन मापांच्या मधला खडक? तो जहाजालाच सापडायचा!

पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्सच्या पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाण्यात ध्वनी सोडला. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. तळावर आपटून परतायला किती वेळ लागला, यावरून खोली कळते. हेच सोनार. खरे तर ही कल्पना एखाद्या कवीला सुचायला हवी होती.

आपले सागरी नकाशे १९५४ पासून डेहराडूनला तयार होतात, म्हणजे समुद्रापासून आमच्यापेक्षाही दूर. पण नकाशा कितीही चोख असला तरी तळ बदलतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. शेकडो कंटेनर पाण्यात पडले. किती तरंगताहेत, किती तळाशी गेले, कुणास ठाऊक! बंदराची वाहतूक थांबली. नौदलाने सोनारने जलमार्ग धुंडाळला, तेव्हा कुठे काही दिवसांनी जहाजे हळूहळू हलू लागली.